गहाण मुलखाचा हिशेब



दर वर्षी १७ सप्टेंबरला धाराशिवात, तुळजापुरात, उमरग्यात, कळंबात झेंडा चढतो. बँड वाजतो, साहेब भाषण करतात, शाळेच्या लेकरांना गोळ्या वाटतात, आणि दुपारी ज्याचा तो आपल्या कामाला लागतो. कुणी विचारले की, हा झेंडा कशाबद्दल हो, तर उत्तर ठरलेले. म्हणे, १९४८ साली सरदार पटेलांनी फौज पाठवली, चार-पाच दिवसांत निजाम शरण आला आणि मराठवाडा सुटला. झाली गोष्ट.

आम्ही गिरणीत राबणारी माणसे. चौथीच्या पुढे शाळा पाहिली नाही, पण हिशेब आम्हाला कळतो. ठाण बाहेर पडते ते शेवटच्या धोट्याने पडत नसते. आधी कापूस पिंजावा लागतो, सूत काढावे लागते, ताणा भरावा लागतो, खळ लावावी लागते. मग साच्यावर कापड दिसते. तसेच हे आहे. फौज आली तो शेवटचा धोटा. त्याच्या आधी दहा वर्षे हा ताणा कुणी भरला, त्याचा हिशेब आज मांडायचा आहे. आणि त्या हिशेबातली एक रक्कम आपण सगळेच लपवून ठेवतो. तीही आज मांडायची आहे. कडू लागेल, पण ऐका.

आधी हे समजून घेऊ की, आपण कुणाचे गुलाम होतो.

लोक म्हणतात निजामाचे. ते खरे, पण अर्धे. निजाम हा इंग्रजाच्या पदराखालचा राजा. इंग्रजाने त्याच्या राज्यात कंटिंजंट नावाची फौज ठेवली. हुकूम इंग्रजाचा, पगार निजामाच्या खजिन्यातून. पगार थकला, कर्ज चढले. तेव्हा १८५३ साली इंग्रजाने कर्जापोटी मुलूख लिहून घेतला. त्यात वऱ्हाड होता, रायचूर होता आणि आपला धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही होता. सावकार बैल सोडून नेतो तसा जिल्हाच्या जिल्हा सोडून नेला. इथल्या एका तरी कुणब्याला, कोष्ट्याला, महाराला, मोमिनाला कुणी विचारले होते काय?

मग १८५७ चे बंड झाले. उत्तरेत शिपाई उठले. हैदराबादेतही लोकांनी रेसिडेन्सीवर हल्ला केला. पण दरबार इंग्रजाच्या बाजूने उभा राहिला. त्या इमानाबद्दल इंग्रजाने १८६० साली पन्नास लाखांचे कर्ज माफ केले आणि धाराशिव व रायचूर निजामाला परत दिले. बंधूंनो, ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. देशातल्या पहिल्या मोठ्या बंडाला साथ न दिल्याबद्दल जे बक्षीस वाटले गेले, ते बक्षीस म्हणजे आपण. आपली शेते, आपली गावे, आपले आजे-पणजे. गहाण पडलो तेव्हाही विचारले नाही आणि सुटलो तेव्हाही नाही. पहिल्या महायुद्धात निजामाने इंग्रजाला पैसा आणि माणसे दिली. त्याबद्दल इंग्रजाने सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांना आपला विश्वासू दोस्त म्हणून किताब दिला. याच निजामाच्या नावावरून धाराशिवचे उस्मानाबाद झाले होते. म्हणून आम्ही म्हणतो, आपल्या मानेवर दोन जू होते. एक दिसणारे आणि एक त्याच्या मागचे.

या राज्यात माणूस जगत कसा होता?

हैदराबाद संस्थानाचे सोळा जिल्हे. आठ तेलंगणाचे, पाच मराठवाड्याचे, तीन कानडी. बहुतेक रयत तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी. पण कचेरीची भाषा उर्दू, कोर्टाची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दूतून शिकवणारे. उर्दू ही गोड भाषा आहे, आपल्या कितीतरी कामगार भावांच्या घरची आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही. भांडण एवढेच की, जमिनीचा दावा लागला तर तो कशाबद्दल आहे हे ज्याची जमीन त्यालाच वाचता येत नव्हते. मधे लिहिणारा बसला, वाचणारा बसला, सांगणारा बसला, आणि प्रत्येकाचा हात पुढे. आपल्याला न कळणाऱ्या भाषेत राज्य चालले की, लुटीला परवाना लागत नाही. भाषेचे राज्य मागणे म्हणजे काही कवितेचे वेड नव्हे. ते सातबाऱ्याचे आणि पगारपत्रकाचे काम आहे.

जमिनीचे बघा. सुमारे दहावा हिस्सा जमीन निजामाची खासगी, तिला सर्फ-ए-खास म्हणत. सुमारे तीस टक्के मुलूख जहागीरदार आणि त्यांच्यासारख्यांच्या हातात. वेठबिगार चालू. महायुद्धाच्या काळात धान्याची सक्तीची लेव्ही आली. पिको की न पिको, माप भरा. मुलखातून माल आत आणा की बाहेर न्या, करोडगिरीचा नाका आडवा. नाणेही वेगळे. सात हाली रुपये द्यावेत तेव्हा सहा कलदार मिळत. परंडा-भूमचा माणूस बार्शीच्या बाजारात आला की, नाण्याच्या बट्ट्यात कमी आणि नाक्यावर आणखी कमी. आणि याबद्दल चार माणसे जमवून बोलावे, तर गश्ती निशाण ५३ नावाचा हुकूम होता. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. कामगारांना हे काय समजावून सांगावे? गेटवर बोलायची बंदी म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे.

आता शेजारच्या सोलापूरकडे पाहा. सोलापूर इंग्रजी मुलखात, पण तिथल्या गिरण्यांत आपल्या जिल्ह्याची माणसे पोटासाठी येत. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटले. गिरण्यांतली माणसे रस्त्यावर आली. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसे पडली. पण शहर मागे हटले नाही. पोलीस शहरातून निघून गेले आणि काही दिवस सोलापूर लोकांनी चालवले. इंग्रजाला हे सहन कसे व्हावे? १२ मेपासून मार्शल लॉ पुकारला. झेंडा लावला, टोपी घातली, एवढ्यावर शिक्षा झाल्या. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिले. मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. ही चार नावे परत एकदा वाचा. लिंगायत, मराठा, मारवाडी, मुसलमान. चौघेही एकाच दिवशी, एकाच साम्राज्याच्या दोरावर. कोण कुठल्या देवाचा, हे त्या दोराने विचारले नाही.

सरहद्दीच्या अलीकडे हे घडले, त्याची झळ पलीकडे लागल्यावाचून कशी राहील? आपल्या जिल्ह्यात लोहाऱ्याजवळ हिप्परगा हे गाव आहे. तिथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. निजामाच्या राज्यात राष्ट्रीय शाळा काढणे म्हणजे वाघाच्या गुहेत शेळीने बिऱ्हाड करण्यासारखे होते. या शाळेत व्यंकटेश भगवान खेडगीकर नावाचे गुरुजी आले. ते पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. लोक त्यांची भगवी वस्त्रे पाहतात. आम्ही आणखी एक गोष्ट पाहतो. शाळेत येण्याआधी या माणसाने मजुरांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले होते. कामगार चळवळ म्हणजे काय, संघटना कशी बांधतात, हे त्यांनी आधी तिथे पाहिले, मग संस्थानात आले. तेव्हा मुक्तिसंग्रामाच्या पुढाऱ्याने पहिले धडे कामगारांच्या युनियनमध्ये गिरवले, असे आम्ही छाती ठोकून सांगू.

१९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. दुसऱ्या वर्षी स्टेट काँग्रेस काढायचे ठरले, तर निघायच्या आधीच सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली. मूल जन्मायच्या आधीच गुन्हेगार! ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजी तुरुंगात गेले, त्यांच्यामागे शेकडो गेले. उस्मानियाच्या वसतिगृहातली पोरे वंदे मातरम् म्हणाली म्हणून विद्यापीठातून काढून टाकली. तिकडे आर्य समाजाने डिसेंबर १९३८ मध्ये सोलापुरात परिषद भरवली आणि पुढच्या वर्षी हजारो माणसांनी तुरुंग भरले. त्याही आधी आपल्या उमरगा तालुक्यात गुंजोटीला वेदप्रकाश या तरुणाचा खून झाला होता. मुक्तिसंग्रामाचा पहिला हुतात्मा म्हणून त्याचे नाव घेतात. म्हणजे रक्ताची पहिली ओंजळ आपल्या जिल्ह्याने दिली.

स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली ती १९४६ च्या जुलैत. आठ वर्षे! आठ वर्षे संघटना बंद असताना माणसे कशी टिकली? शाळांतून टिकली, वाचनालयांतून टिकली, गणपतीच्या मेळ्यांतून टिकली, भजनातून टिकली. युनियनचे ऑफिस बंद झाले म्हणजे युनियन मरत नाही, हे आम्हाला सांगायला नको.

मग १९४७ आले. जूनमध्ये निजामाने फर्मान काढले की, इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र राहू. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने हिंदी संघराज्यात सामील व्हा, म्हणून दिवस पाळला. १५ ऑगस्टला सगळा देश झेंडा लावत होता, आणि आपल्याकडे तोच झेंडा लावणे गुन्हा होता. स्वामीजींना त्या दिवशी पकडले. बार्शीत दिवे लागले आणि पलीकडच्या गावात अंधार. मधे फक्त एक नाका.

इथून पुढचा लढा सत्याग्रहाच्या पलीकडे गेला. तो कसा चालला, हे नीट सांगतो. कारण लढाई म्हणजे फक्त बंदूक असे पोरांना वाटते.

पहिले काम, सरकारची मिळकत तोडणे. शिंदीची झाडे तोडली, कारण शिंदीच्या ठेक्यावर सरकारचा खजिना भरे. करोडगिरीचे नाके जाळले. लेव्ही देऊ नका, म्हणून गावोगाव सांगितले. दुसरे काम, सरकारचे कागद नाहीसे करणे. दप्तर जळाले की, वसुलीचे नाव पुसले. तिसरे काम, पाय ठेवायला जागा धरणे. ही जागा सरहद्दीच्या अलीकडे मिळाली. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, नगर, मनमाड, उमरखेड अशा बाजूंनी कॅम्प निघाले. दिगंबरराव बिंदू कृती समितीचे अध्यक्ष होते. गोविंदभाई श्रॉफ मनमाडकडून पाहात, आपल्या बाजूचे फुलचंद गांधी सोलापूरकडून. रात्री पलीकडे जायचे, नाका किंवा पोलीस चौकी गाठायची, पहाटे परत यायचे. बार्शी तालुक्याला निजामाचा मुलूख खेटून आहे. बार्शी लाइटची छोटी गाडी कुर्डुवाडीहून निघायची, बार्शी सोडली की निजामाच्या हद्दीत शिरायची आणि येडशीवरून लातूरला जायची. एकाच गाडीत दोन राज्ये. याच हद्दीतून घाबरलेली माणसे बायका-लेकरांसह सोलापूर-बार्शीकडे येत होती.

चौथे काम, भाकरी. कॅम्पातल्या पोरांना कुणीतरी भाकरी बांधून दिल्या, कुणीतरी निरोप नेले, कुणीतरी ओसरीत लपवले, कुणीतरी पोलिसांचा मार खाऊनही तोंड उघडले नाही. या कुणीतरींची नावे चौकातल्या स्तंभावर नाहीत. त्यांत बाया होत्या, मांगवाड्यातली, महारवाड्यातली माणसे होती. संप लढवलेल्या माणसाला विचारा, संप कोण चालवतो? स्टेजवरचा पुढारी की ज्या घरात चूल पेटत नाही, तरी जी बाई कामावर जा म्हणत नाही, ती?

दुसऱ्या बाजूला रझाकार. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील. लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. १९८२ साली ते वेगळे झाले. रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली, बायांची अब्रू घेतली. हे आमच्या आज्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि आम्हाला सांगितले. त्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. पण हेही सांगा की, निजामाविरुद्ध आणि रझाकारांविरुद्ध लिहिणारा इमरोज पत्राचा संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होता, आणि त्याला २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री हैदराबादेत रझाकारांनी मारले. जुलूम करणाऱ्याला जसा धर्म नाही, तसा जुलमाशी लढणाऱ्यालाही एकच धर्म नसतो.

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे फौज सोलापूरहून निघाली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी तिचे सेनापती. पहिली मोठी गाठ आपल्या जिल्ह्यात पडली. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल निजामाच्या फौजेने उडवला असता, तर रस्ता अडला असता. तो पूल शीख पलटणीने ताब्यात घेतला. त्याच दिवशी नळदुर्गजवळ हवालदार बचित्तरसिंग धारातीर्थी पडले. स्वतंत्र भारताचे पहिले अशोकचक्र त्यांच्या नावावर आहे. पंजाबच्या आईचा लेक आपल्या बोरीच्या काठी पडला. परप्रांतीय म्हणून कुणाला हिणवायचे तोंडात आले, तर आधी हे नाव आठवा. तुळजापूर त्याच दिवशी मोकळे झाले. १७ तारखेला निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली.

जगात असे लढे पुष्कळ झाले. अमेरिकेतल्या तेरा वसाहती १७७५ पासून १७८३ पर्यंत इंग्रजाशीच लढल्या. त्यांची सुरुवातही कशावरून? कागदावरच्या स्टँपाच्या करावरून आणि चहावरून. त्यांनीही आधी इंग्रजी माल घेणे बंद केले, गावोगाव समित्या केल्या. त्यांच्या शेतकऱ्यांच्या फौजेला समोरासमोरच्या लढाईत पुष्कळदा हार खावी लागली. पण त्या मोडल्या नाहीत. वेळ काढली, मुलूख धरून ठेवला, फ्रान्सची मदत मिळवली, आणि अखेर समुद्रापलीकडचे साम्राज्य थकले. आपल्याकडेही तेच. बंडवाल्याला रोज जिंकावे लागत नाही, त्याने संपून जायचे नसते. आणि शेवटी बाहेरची फौज आली तरी ती येईपर्यंत लढा जिवंत ठेवणारा माणूस गावचाच असतो.

पण त्या अमेरिकेची दुसरी बाजूही पाहा. सगळी माणसे समान, असे १७७६ साली लिहून जाहीर केले आणि आपल्या शेतांवर काळ्या माणसांना गुलाम ठेवले. ती गुलामी कायद्याने जायला १८६५ साल उजाडले. स्वातंत्र्य मिळाले, पण सगळ्यांना मिळाले नाही. जिंकणाऱ्याने आपल्या जिंकण्याचा हिशेब तपासला नाही, तर असे होते.

आणि आता आमच्या हिशेबातली ती लपवलेली रक्कम.

१७ सप्टेंबरनंतर काय झाले? निजाम वाड्यात सुखरूप राहिला, पुढे राजप्रमुख झाला. रझवीवर खटला झाला, तुरुंग भोगून तो १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात गेला. पण सूड कुणावर उगवला? रझाकारांचे पाप गावच्या गरीब मुसलमानावर फेडून घेतले. ज्याने कधी बंदूक पाहिली नव्हती अशा विणकरावर, तांबोळ्यावर, आतारावर, शेतमजुरावर. घरे लुटली, माणसे कापली, विहिरीत टाकली, बाया पळवल्या. काही ठिकाणी वर्दीतली माणसेही त्यात सामील झाली. दिल्लीच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीला पाठवले. त्यांनी गावे फिरून अहवाल दिला. संस्थानात २७ हजार ते ४० हजार माणसे मेली, असा त्यांचा अंदाज. सर्वांत वाईट जिल्हे चार, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चारांतच मेलेले १८ हजारांहून कमी नाहीत, असे त्यांनी लिहिले. अहवाल साठ वर्षांहून अधिक काळ दाबून ठेवला गेला आणि २०१३ च्या सुमाराला लोकांच्या हाती आला.

त्या चार नावांत पहिले नाव आपले आहे, बंधूंनो.

काही लोक म्हणतील, संपादकांना आजच्या दिवशी हे उकरायला कुणी सांगितले? आम्हाला कुणी सांगितले नाही. पण एका बाजूचे मुडदे मोजायचे आणि दुसऱ्या बाजूचे पुरायचे, ही मालकाच्या वहीची रीत आहे, कामगाराच्या वहीची नव्हे. रझाकाराने मारलेला आमचा आणि रझाकाराच्या नावाखाली मारलेला परका, असे आम्ही म्हणणार नाही. दोघांच्याही घरी चूल विझली.

आणि त्याच अहवालात आणखी एक गोष्ट लिहिली आहे. ती वाचली तेव्हा आमच्या युनियनच्या खोलीत कितीतरी वेळ कुणी बोलले नाही. त्यात लिहिले आहे की, एका धंद्यातल्या माणसांचा एकमेकांबद्दलचा जिव्हाळा विशेष दिसून आला. हिंदू विणकर मुसलमान विणकरांना वाचवण्यासाठी हिंदूंच्याच जमावापुढे उभे राहिले आणि त्यात काहींनी जीवही गमावला. त्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. त्यांचा पुतळा नाही, त्यांच्या नावाचा चौक नाही. पण त्या दिवशी साच्यावरचा भाऊ धर्मापेक्षा जवळचा आहे, हे त्यांनी करून दाखवले. मुक्तिसंग्रामातला सर्वांत मोठा विजय कुठला, असे आम्हाला विचाराल, तर नळदुर्गच्या पुलाबरोबर आम्ही या नाव नसलेल्या विणकऱ्यांकडे बोट दाखवू. ते आपल्याच पंगतीतले होते.

निजाम गेला, पण आपण आपल्या भाषेच्या राज्यात लगेच आलो नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबादचे तीन तुकडे झाले. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९५३ च्या नागपूर कराराच्या वेळी मराठवाड्याने महाराष्ट्रात यायला अट घातली नव्हती. शेतकरी कामगार पक्षाचे भाई उद्धवराव पाटील आपल्या जिल्ह्याचे. ते निजामाविरुद्ध लढले आणि संयुक्त महाराष्ट्रासाठीही लढले. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी जीव दिला. मुंबईच्या हुतात्मा चौकात त्यांच्या स्मारकावर शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत. मशाल कुणाच्या हातात आहे, ते बघा. कुणा मंत्र्याच्या नाही.

ते कामही पुरे झालेले नाही. उमरग्यापलीकडच्या बीदर, भालकीकडच्या मराठी माणसांचे, तिकडे बेळगाव, निपाणी, कारवारचे गाऱ्हाणे राहून गेले. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्यांचे गाऱ्हाणे खरे आहे. पण ते मांडताना कानडी मजुराला शिव्या देऊ नका. तोही निजामाच्या राज्यात आपल्याच जोखडाला जुंपलेला होता.

आणि आपल्या घरचे काय? २०२३ साली जिल्ह्याला धाराशिव हे नाव परत मिळाले. नाव जुने आहे, चांगले आहे. पण नावाने पाणी येत नाही. २०१८ साली देशातल्या मागास जिल्ह्यांची यादी निघाली, त्यांना गोड शब्दात आकांक्षित जिल्हे म्हटले. महाराष्ट्राचे चार जिल्हे त्यात आले, त्यांत आपला एक. लढ्यात पहिल्या रांगेत आणि विकासात शेवटच्या. आजही आपली पोरे ऊस तोडायला जातात, पुण्या-मुंबईला वॉचमन होतात, सोलापूरला चादरीच्या साच्यावर बारा तास उभी राहतात. एका ठिकाणी आमच्यातल्या बदली कामगाराने नेमणुकीच्या कागदावर सही केली. कागद सगळा इंग्रजीत. वर्षाने कळले की, कामावरून कधीही काढा, माझी हरकत नाही, असे त्याने स्वतःच लिहून दिले होते. उर्दू फर्मान गेले आणि इंग्रजी कागद आला. न कळणाऱ्या भाषेतली लूट तीच राहिली.

म्हणून आमचे मागणे चार ओळींत सांगतो.

एक, कामगाराशी होणारा प्रत्येक करार, नोटीस आणि हजेरीपत्रक मराठीत असले पाहिजे, आणि ते त्याला वाचून दाखवले पाहिजे.

दोन, गावागावातल्या लढलेल्यांची, भाकरी बांधून देणाऱ्यांची, निरोप नेणाऱ्यांची नावे म्हाताऱ्या माणसांना विचारून ग्रामपंचायतीत लिहून ठेवा. ती माणसे आता बोटावर मोजण्याइतकी उरली. उशीर केलात तर हे दप्तर न जाळताच जळून जाईल.

तीन, १७ सप्टेंबरच्या झेंड्याखाली रझाकारांच्या हातून मेलेल्यांसाठी आणि त्यानंतर मारल्या गेलेल्या निरपराध मुसलमानांसाठी, दोघांसाठी मिळून दोन मिनिटे उभे राहा. सरकार उभे राहिले नाही तरी चालेल, आपण गेटवर उभे राहू.

चार, जिल्ह्याचा कापूस जिल्ह्यात कातला गेला पाहिजे. हात आमचे, कापूस आमचा, मग पोट दुसऱ्याच्या दारी का?

१८५३ साली आपल्याला न विचारता गहाण टाकले. १८६० साली न विचारता बक्षीस दिले. १९४८ साली ते गहाणखत फाटले, कारण तोवर माणसे विचारायला शिकली होती. आज न विचारता कुणी आपला सौदा करत असेल, कंपनी असो की पुढारी, धर्माच्या नावाने असो की जातीच्या, तर हिप्परग्याच्या शाळेतला धडा काढा आणि विचारा. आणि कुणी जमाव घेऊन शेजारच्या विणकराच्या दारात आला, तर त्या नाव नसलेल्या माणसांसारखे आडवे उभे राहा.

पाळीचा भोंगा होईल, आम्हाला जायचे आहे. ही पत्रिका वाचून झाली की खिशात ठेवू नका, पुढच्या साच्यावर द्या. ज्याला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवा.

मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांना लाल सलाम!
संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांना लाल सलाम!
कामगार एकजुटीचा विजय असो!